अर्धा सूर खाली उतरवलेला कार्यक्रम

रस्त्यात वाया गेलेला वेळ शेवटी वाद्ये लावण्याच्या वेळेतून कापला जातो. कलाकार जेवण टाळत नाहीत, मंडळ आरती टाळत नाही, आणि दहाचा काटा तर कोणासाठीच थांबत नाही. उरतो तो साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाद्ये-माइक तपासण्याचा वेळ. कोल्हापूरच्या एका गाण्याच्या ग्रुपचे हे प्रकरण त्याच वजाबाकीचे आहे. नावे आणि गाव गाळले आहे.

पार्श्वभूमी

ग्रुप सात जणांचा. गायक (पेटीही तोच वाजवतो), गायिका, निवेदक, कीबोर्ड, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि साइड ऱ्हिदम. भावगीते, अभंग, दोन-तीन नाट्यगीते आणि शेवटी लावणी-कोळीगीते असा ठरलेला बाज. सुपारी होती रत्नागिरी तालुक्यात, पालीच्या आसपासच्या एका गणेशोत्सव मंडळाची. कार्यक्रम संध्याकाळी ७ ते १०. बिदागी ३५,००० रुपये, त्यातला १०,००० विसार आधीच मिळालेला. गाडीभाडे ग्रुपचे, स्टेज, साउंड आणि जनरेटर मंडळाचा.

दहाची मर्यादा पक्की होती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते, पण हा दिवस त्यात नव्हता. म्हणजे सुरुवातीला जेवढी मिनिटे गेली, तेवढी गेली.

पुढचे सगळे पट्ट्यांवर फिरते, म्हणून त्या आधी सांगायला हव्यात. पट्टी म्हणजे ज्या सुराला 'सा' धरून गायचे तो सूर; नाव पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमावरून. गायकाची पट्टी काळी एक, गायिकेची काळी चार. काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या मध्यमात ('म' सुरात) येतो, त्यामुळे एकाच तबल्यावर दोघांचे भागते. गाडीत जागा कमी, म्हणून तबलजीने दुसरा तबला घरी ठेवला. रोजच्या कार्यक्रमात ही काटकसर खपून जाते.

अडचण कशी साचत गेली

निघायचे ठरले होते सकाळी १० ला. गाडी दहा सीटची, वर कॅरिअर. मंगळवार पेठ, राजारामपुरी, कसबा बावडा अशी घरोघरी माणसे उचलायची होती. कीबोर्डवाल्याचा सकाळी एका घरगुती समारंभात कार्यक्रम होता. तो सव्वाअकराला मोकळा झाला. मागच्या सीटवर कीबोर्डची पेटी, ऑक्टोपॅड, माइकची बॅग आणि कपडे. पेटी गायकाच्या पायाशी. तबला, डग्गा, ढोलकी आणि स्टँड कॅरिअरवर, त्यावर ताडपत्री, त्यावर दोर. शिवाजी पूल ओलांडला तेव्हा ११:५० झाले होते.

केर्ली, वाघबीळ, बांबवडे इथपर्यंत रस्ता ठीक मिळाला. मलकापूरला पावणेदोनला चहासाठी थांबले तेव्हा समोरून आलेल्या ट्रकवाल्याने सांगितले, आंबा घाटात दरड आली आहे, जेसीबी लागलाय, गाड्या दोन्हीकडे उभ्या आहेत.

इथे ५५ मिनिटे गेली. निवेदक ओळखीच्या एका एसटी चालकाला फोन लावत होता, गायक मंडळाच्या अध्यक्षांच्या भावाला, तर ड्रायव्हर साखरप्याच्या एका गॅरेजवाल्याला. तिघांना तीन उत्तरे मिळाली: अर्ध्या तासात एक लेन सुटेल, आज काही खरे नाही, आणि मघाशीच सुटली. कोणाचे मानायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हेच ठरलेले नव्हते.

पहिला निर्णय: थांबायचे की वळायचे

पर्याय तीन होते.

आंब्याला जाऊन रांगेत उभे राहायचे. रस्ता सुटला तर हाच सगळ्यात जवळचा. पण रांगेत शिरले की मागेपुढे गाड्या लागतात, आणि मग बेत बदलायचा म्हटले तरी वळता येत नाही.

मलकापूरहून करंजफेणवरून अणुस्कुरा घाट उतरायचा, येरडव-पाचल करत ओणीला मुंबई-गोवा महामार्ग गाठायचा आणि लांजामार्गे उत्तरेला पालीकडे यायचे. साधारण पन्नास किलोमीटर जास्त. रस्ता अरुंद, वळणे तीव्र आणि दरडीची धास्ती इथेही आहेच.

तिसरा, मागे कोल्हापूरला येऊन गगनबावड्यावरून जायचा. घड्याळ बघता तो पर्याय म्हणायलाच होता.

२:४० ला अणुस्कुरा ठरला. आंबा ३:३० च्या सुमारास एका लेनने सुटला, हे त्यांना घाट उतरल्यावर कळले. रांग हलायला लागणारा वेळ धरला तर आंब्यानेही ते सहा-साडेसहालाच पोहोचले असते. हाती असलेल्या माहितीवर घेतलेला निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. चुकली ती वेळ. हाच निर्णय १:५५ ला झाला असता तर ते सहाच्या आत स्टेजवर असते.

मंडळाला मात्र उशिराचे कोणी कळवले नाही; अध्यक्षांच्या भावाला विचारले तेही फक्त रस्त्याचे. घाटात रेंज नव्हती आणि मलकापूरला, जिथे रेंज होती, तिथे प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने सांगितले असेल. अध्यक्षांना पहिला फोन गेला ओणीहून, ५:१५ ला. ते स्वाभाविकच तापले: "अहो, दुपारी कळवायचं ना! खुर्च्या मांडून झाल्या, आता माणसं यायला लागतील."

त्या फोनवर निवेदकाने एक गोष्ट फार चांगली केली. माफीत वेळ न घालवता त्याने थेट विचारले, बक्षीस समारंभ कधी आहे? तो मध्यंतरात होता. "तो सातला घ्या, आम्ही मागे वाद्ये लावतो." अध्यक्षांनी कुरकुरत मान्य केले. संपूर्ण दिवसात ग्रुपला मिळालेली चाळीस मिनिटे एवढीच.

तबला उघडल्यावर

गाडी ६:३५ ला पोहोचली. अणुस्कुऱ्याच्या वळणांवर ताडपत्रीचा एक दोर सैल झाला होता आणि डाव्या बाजूने पाणी आत गेले होते. ढोलकी वाचली, कारण ती उजवीकडे होती आणि तिच्यावर प्लास्टिकची पिशवी होती. तबला-डग्ग्याच्या गादीच्या बॅगा होत्या, पण गादी एकदा भिजली की ती पाणी धरून ठेवते आणि चामड्याला चिकटून बसते. बॅग नसती तरी एवढी ओल लागली नसती, असे तबलजी नंतर म्हणाला, आणि ते पटण्यासारखे आहे.

कोकणातल्या भाद्रपदी हवेत कोरडा आणलेला तबलाही थोडा उतरतोच. चामडे ओल शोषते, सैल पडते, ताण कमी होतो. इथे तर एका बाजूला थेट पाणी लागलेले. काळी एकचा तबला पांढरी एकच्याही जरा खाली आलेला, आणि सोळा घरांपैकी (कडेने पडणाऱ्या सोळा भागांपैकी) भिजलेल्या बाजूची पाच-सहा घरे बाकीच्यांपेक्षा आणखी उतरलेली. किनारीवर 'ना' वाजवला की एका बाजूला आस (टिकून राहणारी गुंज) आणि दुसऱ्या बाजूला टपटप. डग्गा तर धप्प बोलत होता, घुमारा नावाला नाही.

घड्याळात ६:५०.

दुसरा निर्णय: तबल्याचे काय करायचे

चार पर्याय निघाले आणि चारही गंभीरपणे बोलले गेले.

पहिला, गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) आणि गजरा (वरच्या चामड्याची, म्हणजे पुडीची, विणलेली कड) ठोकून तबला काळी एकला न्यायचा. गायकाचा आग्रह हाच होता, कारण त्याची सगळी तयारी त्या पट्टीत. तबलजी तयार नव्हता: "ओली पुडी आत्ता ठोकून वर नेली, तर वाळल्यावर गजऱ्याजवळ फाटंल. आन् मधेच वाळायला लागली तर चढत चढत कुठं जाईल सांगता यायचं न्हाई." त्याचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. ओल्या चामड्यावर ओढलेला ताण वाळताना आणखी वाढतो. शाई (पुडीवरचा काळा गोल) लोखंडाची पूड आणि खळ घोटून बनलेली असते. ओल लागली की ती कडेने सुटू लागते. वर हातोडीचे दणके बसले तर खपल्या निघतात.

दुसरा, गावातून तबला मागायचा. कोकणात वाडीवाडीला भजनी मंडळ असते, तेव्हा हे दहा मिनिटांचे काम. तबला आलाही. पण तो लहान तोंडाचा, पांढरी दोनला चढवलेला. तो पांढरी एक-काळी एकपर्यंत उतरवला की पुडी सैल पडून आस जाते. डग्ग्याचे मात्र तसे नसते. त्याला नेमक्या सुराची सक्ती नाही, घुमारा असला की झाले. म्हणून तबला परत गेला आणि डग्गा राहिला.

तिसरा, तबला बाजूला ठेवून ऑक्टोपॅडमधला तबल्याचा आवाज वापरायचा. चित्रपटगीतांना चालतो. नाट्यगीताला आणि अभंगाला तो आवाज दिला तर पहिल्या रांगेतले जाणते उठतात.

चौथा पर्याय कीबोर्डवाल्याने काढला: सगळा कार्यक्रमच अर्धा सूर खाली घ्यायचा. गायक काळी एकवरून पांढरी एक, गायिका काळी चारवरून पांढरी पाच. पांढरी पाचचा मध्यम पांढरी एकच, त्यामुळे तबल्याचे गणित तसेच राहते. कीबोर्डला ट्रान्सपोज (बोटे तीच, पट्टी बदलणारे बटण) उणे एक. गायकाची पेटी साधी, पट्टी सरकवता येणारी स्केलचेंजर नव्हे, म्हणजे बोटे बदलावी लागणार. पण पांढरी एकला बोटे बसलेली नाहीत असा पेटीवाला कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. अडचण होती गायिकेची. एका नाट्यगीतात खर्जाकडे जाणारी जागा होती आणि अर्ध्या सुराने ती तिच्या आवाजाच्या तळाशी जात होती. तिने ते गाणेच काढून टाकले आणि म्हणाली, "बाकीचं मी बघते."

काय केले

चौथा पर्याय घेतला आणि गाण्यांचा क्रम उलटा केला. नांदीनंतर येणारे अभंग आणि नाट्यगीते मागे ढकलली; सुरुवातीला ऑक्टोपॅड आणि ढोलकीची गाणी आणली. ढोलकी नट-बोल्टची, पान्याने पाच मिनिटांत हव्या त्या सुराला येते. त्यामुळे तबल्याला वाळायला पाऊण-एक तास मिळाला.

वाळवण्याची रीत तबलजीला पक्की माहीत होती. स्टेजच्या मागे ५०० वॅटचा हॅलोजन, त्याच्यापासून चार फुटांवर तबला, पुडी दिव्याकडे. दर दोन-तीन मिनिटांनी थोडा फिरवायचा, म्हणजे एकच बाजू तापत नाही. आधी कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यायचा, घासायचा नाही. हेअर ड्रायर किंवा शेगडी जवळ आणायची नाही. चामडे वरून वाळते, आतून ओले राहते आणि शाईला तडे जातात. अर्ध्या तासात भिजलेली घरे बरीच वर आली. मग हलक्या हाताने गजऱ्यावर वरून टिचक्या देत घरे एकमेकांना मिळवली आणि तबला पांढरी एकला बसवला.

साउंडकडे तेवढे लक्ष देता आले नाही. वीस मिनिटांत जे शक्य ते केले. कीबोर्डमधून घूं असा आवाज येत होता. कारण साधे होते, स्टेजपासून मिक्सरपर्यंत पंधरा मीटरची जॅक केबल टाकलेली, आणि कीबोर्डचा अर्थ (अर्थिंग) एकीकडे, मिक्सरचा दुसरीकडे. साउंडवाल्याचा सल्ला होता अर्थची पिन काढून टाकण्याचा. ग्रुपने ठाम नकार दिला, आणि हे या प्रकरणातले सर्वात महत्त्वाचे 'नाही' होते: पावसात, ओल्या स्टेजवर, जनरेटरवर अर्थ तोडला तर बिघाड झाल्यास करंट माइक धरलेल्या माणसातून जातो. ग्रुपच्या माइकच्या बॅगेत डीआय बॉक्स होता, म्हणजे वाद्याचा सिग्नल माइकच्या केबलवर देणारी छोटी डबी. कीबोर्डपासून तिथपर्यंत दोन मीटर जॅक, पुढे माइकची बॅलन्स्ड केबल, बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा (फक्त सिग्नलचा अर्थ तोडणारा) खटका वर. घूं गेला.

ऑक्टोपॅडवाल्याने मल्टिमीटर लावून बोर्डावर फेज-न्यूट्रल मोजले: सजावटीचे दिवे लागले की उतरून २०० व्होल्टच्या आसपास. दिवे दुसऱ्या लाइनवर घ्यायला लावले. न्यूट्रलची जोडणीही हाताने न ओढता इलेक्ट्रिशियनकडून घट्ट करून घेतली. थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल सुटला तर एखाद्या बोर्डावर ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि मग अॅडॉप्टर, मिक्सर, काहीच वाचत नाही.

कार्यक्रम ७:५० ला सुरू झाला.

तिसऱ्या गाण्यात फजिती झाली. दोन गाणी ग्रुप पेनड्राइव्हवरच्या, आधी रेकॉर्ड केलेल्या साथीच्या ट्रॅकवर करतो. ट्रॅक काळी एकचा, आणि कीबोर्ड उणे एकवर. ट्रॅकला ट्रान्सपोजचे बटण नसते हे धावपळीत कोणाच्याही ध्यानात आले नाही. म्युझिक पीसपासूनच दोन सूर एकमेकांत घासू लागले. कीबोर्डवाल्याने चार मात्रांत हात उचलला, गायकाने ट्रॅकच्या पट्टीत मुखडा रेटला, पण तोपर्यंत समोर हसू फुटले होते. निवेदकाने पुढे येऊन एक कोपरखळी मारली आणि ट्रॅक बंद केला. ट्रॅकचे दुसरे गाणे मग घेतलेच नाही.

तबला ८:४० ला स्टेजवर आला आणि शेवटपर्यंत टिकला. दिव्यांच्या उष्णतेने तो हळूहळू चढत होता. तबलजी दर दोन गाण्यांनी पेटीच्या सुराशी पडताळून गजऱ्याला खालून वर हलका ठोका देत उतरवत होता. नाट्यगीताला लोकांनी 'वन्स मोअर' मागितला. वेळ नव्हता म्हणून देता आला नाही. १० ला माइक बंद झाले.

निकाल

ठरलेले तीन तास, झाले दोन तास दहा मिनिटे. २२ गाण्यांपैकी १६. मंडळाने बिदागीतून ८,००० कापण्याची भाषा केली. चर्चेअंती ४,००० वर तडजोड झाली. ग्रुपला हाती उरलेले २१,००० मिळाले. वळशाचे पन्नास किलोमीटर १८ रुपयांच्या दराने, म्हणजे ९०० रुपये, ग्रुपच्या खिशातून. मंडळाची नाराजी उशिराबद्दल कमी आणि सव्वापाचपर्यंत कोणी न कळवल्याबद्दल जास्त होती, हे अध्यक्षांनी पैसे देताना स्पष्ट सांगितले.

दोन दिवसांनी पुडी पूर्ण वाळल्यावर शाईच्या कडेला खपली निघालेली दिसली. नवी पुडी चढवावी लागली. डग्गा वाळल्यावर पूर्ववत झाला.

काय वेगळे करता आले असते

घरोघरी माणसे उचलणे बंद. सगळ्यांनी एका ठिकाणी, सामान आदल्या रात्री गाडीत. ज्याचा सकाळी दुसरा कार्यक्रम आहे त्याने तारीख घेतानाच सांगायचे. मग तो एसटीने मागून येतो किंवा त्या दिवशी दुसरा कीबोर्डवाला बोलावला जातो. हंगामात कलाकार दोन-दोन सुपाऱ्या घेतात हे वास्तव आहे, त्याला नाक मुरडून उपयोग नाही, पण सहा जणांचा वेळ एकाच्या दुसऱ्या सुपारीवर टांगलेला नसावा.

चामड्याची वाद्ये कधीही कॅरिअरवर नकोत. तिथे स्टँड, ट्रायपॉड, कपड्यांच्या बॅगा जाव्यात. पावसात तबल्याचे थर असे: आधी सुती खोळ, मग जाड प्लास्टिकची पिशवी तोंड पिळून बांधलेली, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि शेवटी गादीची बॅग. प्लास्टिक गादीच्या आत हवे, बाहेर नव्हे. स्टेजवर पोहोचल्यावर लगेच उघडून तासभर तिथल्या हवेत ठेवायचा आणि मगच सुराला लावायचा. आल्या आल्या लावलेला तबला पहिल्या गाण्यातच सरकतो. दुसरा तबला घरी ठेवायचा असेल तर तो पावसाळ्यात नको.

घाटाच्या अलीकडे निर्णयाची वेळ आधीच ठरलेली हवी. मलकापुरात पंधरा मिनिटे, एकानेच फोन करायचे, दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला नाही तर वळायचे. आणि वळण्याआधी मंडळाला फोन. रेंज असलेले शेवटचे ठिकाण म्हणजे फोनचे ठिकाण.

ट्रॅक दोन पट्ट्यांत तयार ठेवणे दहा मिनिटांचे काम आहे. मूळ, आणि अर्धा सूर खाली. फाइलच्या नावातच पट्टी लिहायची.

करारातही एक ओळ यायला हवी. रस्ता बंद, पूर, दरड अशा कारणाने उशीर झाला तर किती मिनिटांपर्यंत कपात नाही आणि पुढे किती, हे व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींत आधी ठरले असते तर रात्री साडेदहाला स्टेजमागे घासाघीस झाली नसती. मंडळांना ही ओळ आवडत नाही. तरी बहुतेक मान्य करतात, कारण तिच्यात उशिराची कपातही लिहिलेली असते.

एका मुद्द्यावर ग्रुपमध्ये अजून एकमत नाही: नव्या पुडीचा खर्च कोणाचा. वाद्य तबलजीचे, म्हणून त्याचा, असे निवेदकाचे म्हणणे. कॅरिअरवर ठेवायचे ठरवले सगळ्यांनी, म्हणून खर्च ग्रुपच्या गल्ल्यातून, असे तबलजीचे. गायिका तबलजीच्या बाजूने आहे. नवरात्राच्या तारखांचा हिशेब होईपर्यंत तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे, कोणाच्याही नावावर न टाकता.